शिकवणी कुणाची?

"सर, चिरंजीवांना कुठल्या शिकवणीला घालावे?" शेजारच्या गृहस्थांनी परवा विचारले. चिरंजीव दुसरीत! एकीकडे फी माफक, पण मुले चाळीस. दुसरीकडे मुले आठ, पण फी ऐकून घाम फुटावा. तिसरे शाळेतलेच गुरुजी. पण त्यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शिकवणी मना! केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग केंद्रात मज्जावच आहे, पण केंद्र पन्नासांहून अधिक मुलांचे हवे. म्हणजे चाळीसवाले सुटले!

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, घरात आम्ही अहिराणी बोलतो. पुस्तकातलं त्याला उमगत नाही, अन् वर्गात विचारायला लाजतो."

मी म्हटले, "मग आठ मुलांच्या वर्गात तासभर बसून या. अहिराणीत विचारलेलं बाई ऐकून घेतात का, तेवढं पाहा. फीचं मग बोलू."