पॉडकास्ट कर्णबधिरांचेही: प्रसार भारतीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, नवी दिल्ली



नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात आपण ‘वेव्हज’ हे ॲप सुरू केले. दूरदर्शनच्या मालिका आणि आकाशवाणीच्या वाहिन्या त्यामुळे एकाच जागी आल्या. याच ॲपमध्ये कर्णबधिरांसाठी पॉडकास्टचे दालन उभारावे आणि ते कर्णबधिरांच्याच हाती सोपवावे, ही मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना पॉडकास्ट कशाला, असे कोणीही विचारील. पण पॉडकास्टकडे लोक वळतात ते गप्पांसाठी. एखादी डॉक्टर मधुमेहावर तासभर मोकळेपणाने बोलते, एखादा शेतकरी आपल्या बागेचा हिशेब उलगडून सांगतो. असे ऐसपैस बोलणे बातमीपत्रात मिळत नाही. सांकेतिक भाषेतही गप्पा तितक्याच रंगतात. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. एवढे नागरिक या संभाषणाच्या बाहेर आहेत.

आपल्याला हा विषय नवा नाही. कर्णबधिरांसाठी बातम्या दूरदर्शनने १९८७ मध्येच सुरू केल्या. त्यानंतर कायदा बराच पुढे गेला. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ श्राव्य माध्यमांतील मजकूरही सुगम स्वरूपात मिळावा, अशी जबाबदारी शासनावर टाकते. सुगमतेचे निकष निव्वळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. सार्वजनिक प्रसारकाने यात सर्वांच्या पुढे असायला हवे.

यावर सोपा तोडगा सुचवला जाईल: प्रत्येक भागाला यंत्राने तयार केलेली लिखित प्रत जोडा, झाले काम. लिखित प्रत हवीच. उतारवयात ऐकू येईनासे झालेल्यांना तिचा मोठा आधार होईल. ॲपल कंपनीने मार्च २०२४ मध्ये अशी सोय आणली, तीही इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि जर्मन या चारच भाषांपासून. मराठीसाठी आपल्यालाच कंबर कसावी लागेल. मात्र लहानपणापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची मनातली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि छापील मराठी त्यांना दुसरी भाषा म्हणून शिकावी लागते. सांकेतिक भाषेचे व्याकरण स्वतंत्र आहे. तिच्यात प्रश्नवाचक खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते, भुवयांची हालचालही अर्थ ठरवते. टीव्हीच्या कोपऱ्यात दुभाष्याला इवलीशी चौकट दिली की नेमके हेच हरवते. भुवया दिसत नाहीत, बोटे खालच्या बातमीपट्टीआड जातात, आणि मजकूर वाचायला नजर खाली वळवली तर तेवढ्यात दोन वाक्ये निघून जातात. म्हणून निवेदक आणि पाहुणा दोघेही सांकेतिक भाषेत बोलणारे असावेत, पडदाभर दिसावेत, कपडे एकरंगी आणि मागची भिंत साधी असावी. मजकुराची पट्टी प्रेक्षकाला हवी तेव्हा चालू-बंद करता यावी.

नाव आणि बोधचिन्ह ठरवतानाही हीच दृष्टी हवी. मायक्रोफोन, हेडफोन आणि ध्वनिलहरी या पॉडकास्टच्या नेहमीच्या खुणा पहिल्या नजरेतच ‘हे तुमच्यासाठी नाही’ असे सांगतात. कानावर तिरपी रेघ मारलेले चिन्हही नको. ते माणसाची ओळख त्याच्या उणिवेवरून करून देते. कर्णबधिरांमध्ये प्रत्येकाला समाजाने दिलेले खुणेचे नाव असते. या दालनालाही आधी तसे नाव मिळावे, अक्षरांतले नाव त्यानंतर ठरावे. जाहिरात संस्थेने कागदावर काढलेले नाव हातांवर खेळणार नसेल, तर ते लोकांच्या तोंडी, म्हणजे इथे हाती, बसणार नाही.

खर्चाचा आक्षेप गंभीर आहे. पण मराठीतला कार्यक्रम मराठी जाणणाऱ्यांपर्यंतच पोहोचतो, सांकेतिक भाषेतला एक भाग कोल्हापूरपासून कोलकात्यापर्यंत पाहिला जाईल. प्रदेशागणिक काही खुणा बदलतात हे खरे, तरी व्याकरणाचा पाया बराचसा समान आहे. तयारीही शून्यातून करायची नाही. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश उपलब्ध आहे, वांद्र्याला वाचा व श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि मुंबईतच ‘आयएसएच न्यूज’ सांकेतिक भाषेत बातम्या देते. माणसे आहेत, त्यांना निर्णयाची जागा मिळालेली नाही. सल्लागार समितीत एक खुर्ची देऊन हे भागणार नाही. संपादक आणि निर्माता कर्णबधिर असले पाहिजेत.

माझी विनंती एवढीच: सुरुवात मुंबई केंद्रापासून करा. एक मालिका घ्या, कर्णबधिर संपादक नेमा आणि प्रसारणाची तारीख जाहीर करा.

आपला विश्वासू,
आकाशवाणीचा एक श्रोता