बदली नावाची शिक्षा

कादंबरीतील गुन्हेगारनगरीचा कोतवाल लाच खातो, तेव्हा आपण रंगून वाचतो. शेवटी एखादा सच्चा शिपाई जिंकणार हे ठाऊक असते. आमच्या बंगळूरच्या परप्पन अग्रहार कारागृहाची कथा निराळी आहे. जुलै २०१७ मध्ये कारागृह-उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी लेखी कळविले, की शशिकला यांच्यासाठी तेथे स्वतंत्र स्वयंपाकघर चालते आणि मुद्रांक घोटाळ्यातील तेलगीच्या सेवेस कैदी राबतात. आठवडाही उलटला नाही तोच त्यांची वाहतूक विभागात बदली झाली! ज्या वरिष्ठांवर त्यांचा रोख होता, त्यांनाही त्याच दिवशी हलविले. फिर्यादी आणि आरोपी, दोघांस एकच माप! शशिकला यांना खास वागणूक मिळत होती, हे पुढे चौकशी समितीनेही मान्य केले; पण हुकूम केव्हाच बजावून झाला होता.

यास कोणी ‘प्रशासकीय सोय’ म्हणतील. वाचकहो, आपण बदलीची माणसे. या शब्दाचा अर्थ आपणांस दुसऱ्याने सांगावा काय? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली, प्रकाश सिंह खटल्यात, ठाणेदारापासून महासंचालकापर्यंत किमान २ वर्षांची मुदत द्यावी असे बजावले, ते हे हत्यार काढून घेण्यासाठीच. हत्यार अद्याप शाबूत आहे. आणि त्या हुकुमावर ‘लोकहितास्तव’ हा शब्द निर्विकारपणे टंकित करणारे हात आपल्यासारख्यांचेच असतात.