बोलणार कोण?

सावनेरच्या वर्गात पॉडकास्ट हवा की नको, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ पासून बोलतच आहे. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळेबाहेरची शाळा’ त्याच केंद्रावरून मुलांपर्यंत गेली. ऐकविण्याची सोय जुनीच आहे. आता बोलणार कोण, हा खरा प्रश्न. शिक्षकाचे व्याख्यान ध्वनिमुद्रित करून पुन्हा मुलांच्याच कानी घालणे, याला आम्ही प्रयोग म्हणणार नाही. (मुकाट्याने ऐकण्याचा सराव आमच्या मुलांना रविवारच्या प्रवचनात पुरेसा होतो!) संत्र्याच्या बागेत राबलेल्या आजीची मुलाखत नातवाने घ्यावी आणि तिची नागपुरी बोली जशीच्या तशी वर्गात ऐकू यावी. ती ‘अशुद्ध’ ठरवून पुसणाऱ्या शिक्षकाच्या हाती हे साधन मुळीच देऊ नये.