आज्ञावली सर्वांची, सत्ता कोणाची?

१० डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातील एका संघीय जिल्हा न्यायालयाने एक अंतरिम मनाई हुकूम दिला. वरवर पाहता तो व्यापारी भांडणातील एक सामान्य हुकूम होता. परंतु ज्या वस्तूवरून हे भांडण झाले तिचे स्वरूप लक्षात घेतले म्हणजे त्यातील विसंगती डोळ्यांत भरते. ‘वर्डप्रेस’ ही संकेतस्थळे उभारण्याची आज्ञावली आहे. जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी दोहोंहून अधिक तिच्यावर चालतात. ती कोणीही विनामूल्य घ्यावी, तिच्यात हवा तो बदल करावा, ती इतरांना द्यावी किंवा विकावी, अशी मुभा तिच्या परवान्यातच दिलेली आहे. तरीसुद्धा तिच्या आधारावर व्यवसाय करणाऱ्या ‘डब्ल्यूपी इंजिन’ या कंपनीसाठी ‘वर्डप्रेस’च्या भांडाराचे बंद केलेले दार पुन्हा उघडा, असे न्यायालयाला सांगावे लागले. जी वस्तू सर्वांची म्हणून गौरविली जाते, तिच्या दाराची किल्ली एकाच व्यक्तीच्या खिशात कशी राहिली, हा खरा प्रश्न आहे. आणि तो एकट्या ‘वर्डप्रेस’पुरता मर्यादित नाही.

मुक्तस्रोत आज्ञावलींच्या चळवळीने गेल्या चार दशकांत जे साधले ते असामान्य आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना तयार झाला. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा आरंभ केला. आज भारतातील बहुसंख्य मोबाइल फोनांच्या पोटात याच ‘लिनक्स’चा गाभा आहे. परवान्याने वापरणाऱ्याला मालकाच्या मर्जीतून मुक्त केले, ही या चळवळीची सर्वांत मोठी कामगिरी होय. मात्र प्रकल्पाच्या अंतर्गत कारभाराविषयी हा परवाना मौन पाळतो. कोणाचे योगदान स्वीकारावे, कोणाचे नाकारावे, नाव कोणी वापरावे, मतभेद झाल्यास निवाडा कोणी करावा, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नाही. परवाना ही हक्कांची सनद झाली. राज्यघटना मात्र लिहावयाची राहूनच गेली. आपल्याकडे साधी सहकारी पतसंस्था नोंदवावयाची तरी आधी उपविधी सादर करावे लागतात. येथे अब्जावधी लोक ज्यांवर विसंबून आहेत असे प्रकल्प परस्परांच्या सौजन्यावर चालत आले.

दुर्मिळ काय आहे?

सामायिक मालमत्तेविषयीची अर्थशास्त्रीय चर्चा गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ सालच्या निबंधापासून एका ठराविक वाटेने चालत आली. गायरान सर्वांचे असेल तर प्रत्येक जण आपले एक गुरू अधिक चारील आणि अखेरीस गायरान उजाड होईल, असा तो युक्तिवाद. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात त्याला उत्तर दिले. स्वित्झर्लंडमधील डोंगराळ कुरणे, जपानमधील गावांची सामायिक वने, स्पेनमधील पाटबंधारे यांचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, लोक स्वतः नियम करून शतकानुशतके सामायिक साधने सांभाळू शकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज्ञावलीला गायरानाची उपमा पूर्णपणे लागू पडत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याची आज्ञावली घटत नाही. उलट वापर वाढला की दोष लवकर सापडतात. त्यामुळे सारे काही विपुल आहे, मग भांडण कशाचे, असा समज होतो. हा समज चुकीचा आहे. आज्ञावली विपुल असली तरी तिची निगा राखणाऱ्यांचा वेळ दुर्मिळ असतो. प्रकल्पाचे नाव एकच असते. ज्या भांडारातून लाखो संगणक आपोआप नव्या आवृत्त्या उतरवून घेतात ते भांडार एकच असते. आणि शेवटचा शब्द कोणाचा, ही जागाही एकच असते. मुक्तस्रोत प्रकल्पांतील बहुतेक मोठे कलह या चार दुर्मिळ गोष्टींवरून झालेले आहेत. परवाना या चारांपैकी एकीचीही वाटणी करीत नाही.

रास्त तक्रार, मनमानी उपाय

‘वर्डप्रेस’चा कलह या दृष्टीने उद्बोधक आहे. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी एका जुन्या आज्ञावलीची प्रत घेऊन हा प्रकल्प सुरू केला. २००५ मध्ये मुलेनवेग यांनी ‘ऑटोमॅटिक’ ही कंपनी स्थापन केली. २०१० मध्ये व्यापारचिन्ह एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या नावे झाले. पण त्याचा व्यापारी वापर करण्याचा परवाना ‘ऑटोमॅटिक’कडेच राहिला. भांडार ज्या संकेतस्थळावर आहे ते तर मुलेनवेग यांच्या व्यक्तिगत मालकीचे. वर्षानुवर्षे तेथे विनावेतन काम करणाऱ्या अनेक स्वयंसेवकांना या मालकीची कल्पना २०२४ च्या भांडणातच आली.

मुलेनवेग यांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या श्रमावर मोठा व्यवसाय उभारावयाचा आणि प्रकल्पाच्या निगराणीत नगण्य वाटा उचलावयाचा, ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याची वृत्ती या क्षेत्रात सर्रास आढळते. ‘डब्ल्यूपी इंजिन’ने उत्पन्नाच्या आठ टक्के रक्कम अथवा तितक्या मोलाचे श्रम द्यावेत, अशी मागणी झाली. ती नाकारली जाताच २५ सप्टेंबर २०२४ रोजी त्या कंपनीला भांडाराचे दार बंद करण्यात आले. १२ ऑक्टोबरला तर त्या कंपनीच्या, वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर वापरल्या जाणाऱ्या एका जोड-आज्ञावलीची भांडारातील जागाच ताब्यात घेऊन तेथे नव्या नावाची प्रत बसविण्यात आली. आपला त्या कंपनीशी संबंध नाही, अशी खूण केल्याखेरीज योगदात्यांनाही प्रवेश मिळेनासा झाला.

या सर्वांत ज्यांचा भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता असे छोटे दुकानदार, संस्था, शाळा यांची संकेतस्थळे सुरक्षिततेच्या सुधारणांना काही काळ मुकली. फिर्यादी, न्यायाधीश आणि अंमलबजावणी करणारा अधिकारी या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे असल्या म्हणजे रास्त तक्रारीचेही असे होते. आठ टक्के हा आकडा योग्य की अयोग्य, यावर मत देण्यासाठी योगदात्यांना कोठलेही व्यासपीठ नव्हते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हाच न्याय.

हुकूमशहाचे पदत्याग

या क्षेत्रात प्रकल्पाच्या संस्थापकाला थट्टेने ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ म्हणण्याची प्रथा आहे. ‘पायथन’ या संगणकभाषेचे जनक ग्विडो व्हॅन रोस्सम यांना ही उपाधी कित्येक वर्षे चिकटलेली होती. एका छोट्या व्याकरणिक चिन्हाच्या प्रस्तावावरून इतका कडवट वाद माजला की, १२ जुलै २०१८ रोजी त्यांनी ते पद सोडले. विशेष हे की, त्यांनी वारस नेमला नाही. कारभाराची रीत तुम्हीच ठरवा, असे सहकाऱ्यांना सांगितले. सहकाऱ्यांनी निरनिराळ्या घटनांचे मसुदे लिहिले, त्यांवर महिनोन्‌महिने चर्चा केली आणि डिसेंबर २०१८ मध्ये मतदानाने पाच सदस्यांच्या निर्वाचित मंडळाची योजना स्वीकारली. एकाच मालकाच्या नोकरीतील दोहोंपेक्षा अधिक व्यक्ती मंडळावर असू नयेत, अविश्वासाच्या ठरावाने मंडळ बरखास्त करता यावे, अशी कलमे तीत आहेत. पहिल्या निवडणुकीत व्हॅन रोस्सम हेही निवडून आले. पण आता पाचांतील एक म्हणून.

‘डेबियन’ने ही वाट त्याच्या वीस वर्षे आधीच चोखाळली होती. १९९३ मध्ये इयान मरडॉक यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाने १९९८ मध्ये लिखित घटना स्वीकारली. त्याचा नेता दरवर्षी निवडला जातो, आणि मतमोजणीसाठी अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांची, प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी तुलना करणारी पद्धत वापरली जाते.

घटना असली म्हणजे कलह टळतो, असे मात्र कोणी समजू नये. २०१४ मध्ये संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूलभूत यंत्रणेच्या निवडीवरून ‘डेबियन’मध्ये विकोपाचा वाद झाला. जबाबदार सदस्यांनी राजीनामे दिले, काहींनी वेगळी चूल मांडली. सदस्यांच्या मतदानात बहुमान मिळाला तो या विषयावर ठरावच नको, असे सांगणाऱ्या पर्यायाला. लोकशाही संथ असते, कधी कंटाळवाणीही असते. पण त्या वादात कोणाला दाराबाहेर काढून कुलूप लावण्यात आले नाही. हरलेल्यांना आपण का हरलो ते ठाऊक होते, आणि प्रकल्प टिकून राहिला.

फारकतीचा हक्क आणि त्याच्या मर्यादा

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कारभार पसंत नसेल तर आज्ञावलीची प्रत घ्या आणि वेगळा प्रकल्प काढा. परवान्याने तो हक्क दिलेलाच आहे, मग घटनेची उठाठेव कशाला? या फारकतीला तेथील बोलीत ‘फोर्क’ म्हणतात. तिचे महत्त्व मोठे आहे. अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये मांडल्याप्रमाणे असंतुष्टापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. बाहेर पडणे शक्य असेल तर आत उठविलेल्या आवाजाला वजन येते. ‘नोड’ या प्रकल्पातील योगदाते प्रायोजक कंपनीच्या कारभाराला कंटाळून डिसेंबर २०१४ मध्ये वेगळे झाले. परिणामी २०१५ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान निघून दोन्ही शाखा पुन्हा एक झाल्या. ‘रेडिस’च्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये परवाना संकुचित करताच ‘व्हॅल्की’ ही फारकत उभी राहिली, आणि मे २०२५ मध्ये त्या कंपनीने पुन्हा एक मुक्त परवाना स्वीकारला.

परंतु या उदाहरणांत फारकत घेणाऱ्यांच्या पाठीशी मोठ्या कंपन्या किंवा प्रकल्पातील बहुसंख्य जाणकार होते. ज्याच्याजवळ असे बळ नाही त्याला आज्ञावलीची प्रत मिळेल. नाव, भांडार आणि वापरणाऱ्यांचा विश्वास यांची प्रत मिळत नाही. ‘लिनक्स’वर टॉरवाल्ड्स यांचा एकछत्री अंमल तीस वर्षांहून अधिक काळ चालला, हे उदाहरण घटनेच्या विरोधात पुढे केले जाते. तेथे स्वामित्वहक्क हजारो योगदात्यांत विखुरलेले आहेत, निरनिराळ्या विभागांचे स्वतंत्र प्रमुख आहेत आणि वितरण अनेक संस्थांच्या हाती आहे. सत्ताधारी एक असला तरी त्याला सोडून जाणे शक्य आहे. जेथे तसे शक्य नाही तेथे त्याला उत्तरदायी करणारे लिखित नियम हवेत.

श्रमाचा हिशेब

नियम झाले तरी काम करणारे हात लागतातच. हार्वर्डमधील संशोधकांनी २०२४ मध्ये असा अंदाज प्रसिद्ध केला की, सर्रास वापरातील मुक्तस्रोत आज्ञावली एकदा नव्याने लिहावयाच्या तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. पण प्रत्येक कंपनीला त्या स्वतंत्रपणे निर्माण कराव्या लागल्या असत्या तर खर्च ८.८ लाख कोटी डॉलरांवर गेला असता. या प्रचंड तफावतीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो हे उघड आहे. महाजालावरील गुप्तता राखणाऱ्या ‘ओपन-एसएसएल’ या आज्ञावलीतील घातक दोष एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला, तेव्हा त्या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर मिळत होते.

दहा वर्षांनी याहून गंभीर प्रसंग ओढवला. माहिती आक्रसून साठविणारी ‘एक्सझेड’ ही आज्ञावली एकच थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. एका अज्ञात व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ साळसूदपणे मदत करून त्याचा विश्वास संपादन केला. काही बनावट नावांनी कामाच्या दिरंगाईबद्दल त्याच्यावर दडपण आणले. अखेर अधिकार हाती येताच तिने आज्ञावलीत चोरवाट ठेवली. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती उघडकीस आणली, आणि तीही संगणक जोडणीला अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा छडा लावताना. तेथे नियम नव्हते, सहकारी नव्हते आणि मोबदलाही नव्हता. सत्तेचे केंद्रीकरण जितके घातक, तितकेच जबाबदारीचे केंद्रीकरणही घातक ठरते.

यावरून काही गोष्टी निश्चित होतात. प्रकल्पाचे नाव, व्यापारचिन्ह आणि भांडार ही व्यक्तीच्या वा एका कंपनीच्या मालकीची न राहता योगदात्यांना मताधिकार असलेल्या संस्थेकडे गेली पाहिजेत. कोणाला वगळावयाचे तर त्यासाठी आधी जाहीर केलेले नियम, सुनावणी आणि अपील असावे. मोठ्या वापरकर्त्यांनी निगराणीचा खर्च उचलावा. पण त्या बदल्यात त्यांना मते विकत मिळू नयेत.

भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते स्वागतार्हच आहे. तथापि, मुक्तस्रोत म्हणजे फुकट, एवढाच त्याचा अर्थ सरकारी खात्यांनी घेतला तर परदेशी कंपनीच्या मर्जीतून सुटून परदेशी व्यक्तीच्या मर्जीत सापडण्याची पाळी येईल. आज्ञावली निवडताना तिचा परवाना तपासला जातो. तिच्या कारभाराची घटनाही तपासली पाहिजे आणि तिची निगा राखणाऱ्यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद झाली पाहिजे. ‘लिबरऑफिस’सारख्या आज्ञावली आज मराठीतून वापरता येतात, त्या या सामायिक ठेव्यामुळेच. तो टिकवावयाचा तर त्याच्या कारभारात वाटा मागितला पाहिजे, आणि त्यासाठी खर्चाचा वाटाही उचलला पाहिजे.