पांढरं जातंय म्हणणाऱ्या बाईच्या मनाचीही चौकशी करा!



सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुल वसाहतीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई दवाखान्यात जाते तेव्हा सांगते : अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, अंगात ताकद नाही, झोप लागत नाही. तिला गोळ्या मिळतात, फार तर सलाईन लागतं. महिन्याने तीच बाई, तीच तक्रार. ती खोटं बोलत नाही. तिचं अर्धंच ऐकून घेतलं जातं.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्क्यांची. पुढे गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी अधिक घट्ट निघालं. म्हणून ‘हे मनाचे खेळ’ म्हणून बाईला परत पाठवणं जितकं चूक, तितकंच नुसत्या गोळ्यांवर भागवणंही चूक. शरीर तपासा आणि मनही विचारा.

विचारायचं कोणत्या भाषेत? तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी इथे माग चालवले, गिरण्यांत घाम गाळला. त्यांच्या लेकीसुना आजही घरात तेलुगू बोलतात. दवाखान्यात त्यांचं दुखणं मराठीत सांगतो नवरा नाहीतर मुलगा. संबंधाच्या वेळी होणारा त्रास, नवऱ्याची जबरदस्ती, जीव नकोसा होणं, हे मुलासमोर कोणती आई बोलेल? शिवाय मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. रांगेत गेलेली सकाळ म्हणजे बुडालेली मजुरी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार हा हक्क ठरवला. त्याच वर्षी जीएसटी आला आणि विडी कामगारांच्या कल्याणासाठीचा उपकर रद्द झाला. हक्क कागदावर आला, पैशाची वाट बंद झाली!

आमच्या मागण्या :

१. मनपाच्या आरोग्य केंद्रांत आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या महिला समुपदेशक नेमा.
२. पांढरं जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला एकांतात झोप, उदासी आणि घरातल्या मारहाणीबद्दल विचारा.
३. संसर्ग आढळल्यास नवऱ्यालाही बोलवा, त्याचाही उपचार करा.
४. विडी वस्त्यांत संध्याकाळची ओपीडी सुरू करा.
५. उपकराच्या जागी सरकारने तेवढा निधी दरवर्षी द्यावा.

बहिणींनो, मनाच्या त्रासासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे तेलुगूतही बोलता येतं. दुखणं अंगावर काढू नका. पुरुषांनो, तिला दवाखान्यात न्या आणि ती बोलत असताना बाहेर थांबा. नगरसेवक दारात आले की या पाच मागण्यांचा जाब विचारा!