वारणा नदी, चिरागनगरची खोली



गेल्या अंकातला वारणाकाठच्या साहित्यपरंपरेवरचा लेख वाचला. अण्णा भाऊ साठे यांना मानाचं पान दिलंत, बरं वाटलं. पण लेखकमहाशयांनी त्यांना वाटेगावातच बसवून ठेवलं, हे काही पटलं नाही.

अण्णा भाऊ १९२० साली वाटेगावात जन्मले, हे खरंच. पण पोरवयातच घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले आणि लेखक झाले ते इथं. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत ते वीसेक वर्षं राहिले. १९५९ साली आलेली, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्याच मुक्कामातली. वारणेचं खोरं, तिथले डोंगर, तिथली बंडखोर माणसं कागदावर उतरत होती, तेव्हा दाराबाहेर होती गिरणी कामगारांची, हमालांची वस्ती. मला तर वाटतं, या अंतरामुळेच त्यांची वारणा इतकी ठसठशीत झाली. गावातच राहिले असते, तर कदाचित तमाशाच्या फडात रमले असते!

शिवाय ‘चिरागनगरची भुतं’ या त्यांच्या कथासंग्रहाचं काय? त्यातली माणसं कुठल्या नदीकाठी बसवायची? शेवटचे दिवसही त्यांनी गोरेगावात, म्हणजे उपनगरातच काढले. १८ जुलै १९६९ रोजी तिथंच गेले.

मॉस्कोतही २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला; म्हणजे ते एका गावापुरते उरलेले नाहीत. तेव्हा वाटेगावच्या वाटेवर निघालेल्या आपल्या अभ्यासकांनी आधी घाटकोपर पश्चिमेला उतरावं, एवढीच विनंती.

– एक वाचक, घाटकोपर