सातवा दिवस

श्रावणी अमावास्येचा पोळा जवळ आला, म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यात आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे हळद व तूप लावून मळतात. दुसरे दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, असा दंडकच आहे. मुक्या जिवाच्या विसाव्यास धर्माचे बळ देणारी ही रीत पाहिली, की आम्हांस यहुदी लोकांच्या शब्बाथाचे स्मरण होते.

मोशेला सीनाय पर्वतावर ज्या दहा आज्ञा मिळाल्या, त्यांतील ही एक : सहा दिवस काम करावे व सातवा दिवस परमेश्वराचा मानून थांबावे. 'शब्बाथ' या हिब्रू शब्दाचा मूळ भाव थांबणे हाच आहे. बायबलात या आज्ञेची कारणे दोन आढळतात. निर्गमाच्या ग्रंथात, ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी रचून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे एक. आणि अनुवादाच्या ग्रंथात, तुम्हीही मिसर देशात दास होता, ते विसरू नका, हे दुसरे. पहिल्याने मनुष्याचा कर्तेपणाचा अभिमान उतरतो. दुसऱ्याने तो इतरांस राबविण्यापासून परावृत्त होतो. म्हणूनच या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि दारी आलेला परकीय, या सर्वांचा विसावा नावानिशी सांगितला आहे.

महाराष्ट्रास हे व्रत अपरिचित नाही. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी ते बंद ठेवीत. यावरून शेजारीपाजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणू लागले. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलात गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. विसावा मागून घ्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

आता वाचकांस एक प्रश्न विचारतो. पोळ्याच्या दिवशी बैल विसावतो खरा. पण त्याच्या नैवेद्याची पुरणपोळी कोण करते? एकत्र कुटुंबात रविवार उजाडला, की पुरुष वर्तमानपत्र घेऊन बसतात, मुले खेळावयास जातात, आणि स्वयंपाकघरात मात्र फराळाचे व पाहुण्यांचे काम दुप्पट होते. एकादशीलाही तीच कथा. घरातील सासूबाई वा सूनबाई यांचा सातवा दिवस कोणता, हे आम्हांस कोणत्याही पंचांगात सापडले नाही.

वरील आज्ञेत पत्नीचे नाव निराळे नाही. ती 'तू' या शब्दातच आली, असा अर्थ पुष्कळ भाष्यकार लावतात; म्हणजे गृहस्थाचा विसावा व गृहिणीचा विसावा एकच. अरण्यातील मान्ना सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करावा, सातव्या दिवशी मिळणार नाही, अशी कथा आहे. त्याच धोरणाने यहुदी घरांत शब्बाथाचे अन्न शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच शिजवून ठेवतात.

आमच्या घरी हा प्रयोग करून पाहावयाचा ठरले आहे. शनिवारी रात्री भाकरी, चटणी व दही यांची तजवीज करून रविवारी सकाळी चूल पेटवावयाची नाही. आणि पाहुणे आले, तर चहा पुरुषमंडळींनी करावा. तो बिघडला, तरी कोणी कुरकुर करू नये.